सेनापतीचे दोन मुलगे

कुठलाही छापील कागद हातात आला की काका वरचा मजकूर डाव्या तळहातानं झाकायचे आणि आधी खालची नावं वाचायचे. लग्नाची पत्रिका असो, मंडळाचं पत्रक असो, की कुणाच्या ऑफिसातल्या निरोपसमारंभाचं कार्ड असो. नावं वाचून झाली की चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "आधी कोण नाही ते बघावं. कोण आहे ते काय, कोणीही वाचतं."

माझ्या चुलत नणंदेची पत्रिका पुण्याहून आली तेव्हा मी ती त्यांना मोठ्या कौतुकानं दाखवायला नेली. सोनेरी अक्षरं, आत मखमल, उघडली की सनई वाजायची. काकांनी सनईकडे लक्षही दिलं नाही. नावं वाचून म्हणाले, "यांच्यातले धाकटे गेले का?" कोणी गेलं नव्हतं. पण माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी केव्हातरी मागून घेऊन वाचली होती आणि तिच्यात सासरच्या चार भावांची नावं होती. या पत्रिकेत तीनच होती. नवऱ्याला विचारलं तर तो चाचरत म्हणाला, धाकटे काका दिवाळीपासून बोलत नाहीत. आमच्या घरातली भाऊबंदकी मला अशी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडून कळली.

या शेजारच्या काकांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. हे तुमच्या लक्षात आलं नसेल, तर काकांनी तुम्हाला प्रूफं वाचायला दिली नसती. नाव का नाही ते शेवटी सांगते.

हॅम्बर्गमध्ये आम्ही ज्या इमारतीत राहतो तिच्यात पहिल्या मजल्यावर काका राहायचे. आमची ओळख दारातल्या बेलच्या पाट्यांपाशी झाली. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. पाऊस होता, तो इथे असतोच. एका हातात सामान, दुसऱ्या हातात बाबागाडी, आणि दारात एक गृहस्थ छत्री उघडून बेलवरची आडनावं एकेक करून वाचत उभे होते. मी वैतागून पुटपुटले, "हा म्हातारा सरकतोय की नाही आता." म्हाताऱ्यानं मागे वळून न बघता स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, "सरकतो. आधी कोण नाही ते बघून घेतो."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकांनी मात्र दार उघडून धरलं, बाबागाडी वर चढवली आणि मग सांगितलं की चौथ्या मजल्यावरच्या आजींची पाटी कोरी झाली आहे. त्या आजी हॉस्पिटलात वारल्या होत्या. घर सांभाळणाऱ्या कंपनीनं पाटी काढली तेवढीच काय ती बातमी. बाकी कुणाला पत्ता नव्हता. काकांनी हाउसमाइस्टरकडून, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडून, दफनाची तारीख काढली आणि ते गेले. तिथे एक पाद्री, एक भाची आणि काका अशी तीनच माणसं होती.

इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. नवीन आलेल्या बायका त्यांना मुलांच्या खोकल्यावर औषध विचारायच्या. काका आल्याचा रस आणि मध सांगायचे आणि वर म्हणायचे की हा सल्ला तांग काळातला आहे, अपाय झाल्यास मी जबाबदार नाही. त्यांची डॉक्टरकी चीनच्या इतिहासातली होती. तरुणपणी पीएचडीसाठी आले ते इथलेच झाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चिनी शिलालेखांचे ठसे होते, म्हणजे दगडावर ओला कागद दाबून बसवायचा, वरून शाई ठोकायची आणि अक्षरं पांढरी उमटवून घ्यायची, तसले कागद. ते ठसे वाचायचे, त्यांची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम.

छापील कागदाचं वेड मात्र चीनहून आलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचा कराडला छापखाना होता. लग्नाच्या नाहीतर उत्तरकार्याच्या पत्रिका, म्हणजे सुतकाच्या आणि सुखाच्या दोन्ही, एकाच मशीनवर निघायच्या. वडिलांचा नियम होता की गिऱ्हाईकानं जे लिहून दिलं ते छापायचं, एक अक्षर बदलायचं नाही. काही राहिलंय असं वाटलं तर एकदाच विचारायचं, "एवढंच?" तो हो म्हणाला की विषय संपला. एकदा एका गृहस्थांनी गडबडीत नवऱ्या मुलीचंच नाव लिहिलं नव्हतं. वडिलांनी "एवढंच?" विचारलं, गृहस्थ घाईघाईनं "एवढंच, एवढंच" म्हणाले, आणि सगळ्या पत्रिका नवरीशिवाय छापून झाल्या. ही गोष्ट काका दर गणपतीत सांगायचे आणि आम्ही दर गणपतीत हसायचो. छापखान्याच्या त्यांच्याकडे अशा पुष्कळ गोष्टी होत्या. वडील असायचे, आई असायची, मशीन असायचं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. इतकी वर्षं त्या गोष्टी ऐकल्या आणि त्यांच्यात कोण नाही ते मी एकदाही बघितलं नाही.

रविवारी दुपारी ते बंदरातल्या फेरीबोटीत जाऊन बसायचे. महिन्याचा पास होताच, त्यात बोटही चालते, मग घरात कशाला बसायचं हा त्यांचा हिशेब. माझी मुलगी मोठी झाल्यावर तीही त्यांच्याबरोबर जायला लागली आणि तिच्यामागून मी. तिथे आम्ही दोघींनी सेनापतीची गोष्ट ऐकली. काका आयुष्यभर त्या एकाच घराण्यावर काम करत होते.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', अशी त्यांची सुरुवात व्हायची. अकराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये तांग घराणं नावापुरतं उरलं होतं. बादशहा राजधानीत बसून फर्मानं काढायचा आणि प्रांतोप्रांतीचे सेनापती ती उभं राहून आदरानं वाचायचे आणि बाजूला ठेवायचे. या सेनापतींमध्ये एक चाल होती. शिपायांच्या पोरांत एखादा शूर निघाला की त्याला मुलगा करून घ्यायचं आणि आपलं आडनाव द्यायचं. काकांच्या सेनापतीनं घोडे राखणाऱ्याचा एक पोरका मुलगा असा घरात घेतला. सेनापतीच्या बायकोनं त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. काही वर्षांनी तिला स्वतःचा मुलगा झाला.

मोठा बापाबरोबर लढाया लढला. धाकटा शहरात राहून चांगलं लिहायला शिकला. सेनापती वारला तेव्हा मोठा सरहद्दीवर होता. तो घोडदळ घेऊन परत येईपर्यंत धाकट्यानं बापाला मूठमाती दिली होती, थडग्यात ठेवायची शिळा कोरून घेतली होती आणि शहराचे दरवाजे बंद केले होते. मोठा तीन दिवस तटाबाहेर उभा राहिला. चौथ्या दिवशी तो घोड्यावरून उतरला, तटाकडे तोंड करून त्यानं बापाला नमस्कार केला आणि तो माघारी गेला. पुढच्या वर्षी आला तो लढायलाच. मग बारा वर्षं दोघं लढत राहिले.

"मेलं कोण?" काका विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे. "दोघांपैकी कोणी नाही. मधल्या गावांतली माणसं मेली. त्यांच्या शिळा नाहीत."

माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि बोलते जर्मन. तिनं विचारलं, "उंड वेअर हात गेवोनेन?" म्हणजे, जिंकलं कोण?

"तेच तर, बाळा," काका म्हणाले, "तेच शोधतोय मी. सव्वीस वर्षं झाली."

अडचण अशी होती. त्या काळच्या शिळेवर मेलेल्या माणसाचं गुणगान आणि शेवटी मुलांची नावं कोरायची पद्धत होती. सेनापतीच्या शिळेवर मुलगा एकच, धाकटा. मोठ्याचं नाव नाही, जणू तो जन्मलाच नव्हता. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांची आई वारली. तिच्या शिळेवर मुलगे दोन, आणि पहिलं नाव त्या घोडेवाल्याच्या पोराचं. ते तिथे घातलं कोणी? आई गेली तेव्हा शहर कोणाच्या ताब्यात होतं याबद्दल दोन बखरी दोन गोष्टी सांगतात. एकीप्रमाणे मोठ्यानं शहर जिंकलं होतं. तसं असेल तर त्यानं आपलं नाव आपणच कोरून घेतलं, त्यात विशेष काही नाही. दुसरीप्रमाणे शहर धाकट्याकडेच होतं. म्हणजे ज्यानं नाव गाळलं त्यानंच ते पुन्हा घातलं.

काकांच्या पुस्तकाची बाकी सगळी प्रकरणं लिहून झाली होती. हे एक राहिलं होतं. ग्रंथालयातले सहकारी म्हणायचे, लिही की पुरावा अपुरा आहे, आणि मोकळा हो. मीही एकदा म्हटलं. काका बोटीच्या काचेवरचं पाणी बघत म्हणाले, "पुरावा अपुरा आहे हे खरंच आहे. पण मला कुठलं उत्तर हवंय ते मला पक्कं माहीत आहे ना. अशा माणसानं लिहू नये." मला वाटलं, म्हाताऱ्याला पुस्तक संपवायचंच नाही, संपलं तर रविवारी करायचं काय.

गेल्या वसंतात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. रेहावरून, म्हणजे नंतरच्या विश्रांतीच्या दवाखान्यातून, घरी आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की काही महिने विमानप्रवास करायचा नाही. शनिवारी सकाळी मी मुगाची खिचडी घेऊन खाली गेले होते. टेबलावर त्यांचा फोन वाजला आणि पडद्यावर 'दादा' असं आलं. काकांनी फोन उचलला नाही, नुसते बघत राहिले. मीच म्हटलं, अहो, घ्या की.

आई गेली होती. नव्वदीला टेकली होती, तशी तयारी असणार. मी उठून जायला निघाले तर त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश बोलणारा.

"थांबवू का तुझ्यासाठी?" दादांनी विचारलं.

"मला येता येणार नाही," काका म्हणाले. "तूच दे अग्नी."

 मग दादा म्हणाले, "बरं. मजकूर तू पाठव. तुझं मराठी चांगलं आहे. छापतो मी."

फोन ठेवल्यावर काका रडले नाहीत. खिचडी झाकून ठेव म्हणाले आणि सांगायला लागले. त्यांच्या आईवडिलांना बरीच वर्षं मूल नव्हतं. छापखान्यातला अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस तापानं गेला, बायको आधीच गेलेली होती, तेव्हा त्याचा चार वर्षांचा मुलगा त्यांनी घरात घेतला. तो दादा. त्यानंतर चार वर्षांनी काका झाले. दादांनी छापखाना सांभाळला, काका शिकले आणि इथे आले. वडील गेले ते उन्हाळ्यात. काकांना विमान मिळून घरी पोचायला तिसरा दिवस उजाडला. तोवर थांबण्यासारखं नव्हतंच, दादांनी अग्नी देऊन टाकला होता.

"सख्खा मुलगा मी, आणि अग्नी त्यानं दिला," काका म्हणाले. "माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेचना. उत्तरकार्याच्या पत्राचा मजकूर लिहायला त्यानं मला सांगितलं, कारण माझं मराठी चांगलं. मी खाली आईचं नाव लिहिलं, माझं लिहिलं, आणि 'समस्त परिवार'. झालं. दादा समस्त परिवारात गेला."

मी विचारलं, दादा काय म्हणाले?

"मशीनपाशी उभा होता. कागद वाचला आणि 'एवढंच?' म्हणाला. मी म्हटलं, एवढंच. मग त्यानं ती सगळी पत्रं छापली. स्वतःचं नाव नसलेली. पत्ते त्यानंच लिहिले, पोस्टात त्यानंच टाकली."

त्यानंतर अठरा वर्षं दोघं भांडले नाहीत, पण बोललेही नाहीत. काका आईला भेटायला जायचे तेव्हा तिची औषधं आणि दवाखान्याच्या वेळा एवढंच काय ते बोलणं. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ते सगळं झालं तेव्हा काका त्या दोन शिळांवरच काम करत होते. एक नाव गाळलं की पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं हॅम्बर्गमध्ये दुसऱ्या कुणालाच माहीत नसेल. तेच म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना, त्यातला प्रकार."

मग त्यांनी मजकूर सांगितला आणि मी माझ्या मोबाइलवर टाइप केला, कारण त्यांना फोनवर मराठी लिहिता यायचं नाही. आईचं नाव, तिथी, दशक्रियेची जागा आणि वेळ. खाली शोकाकुल. दादांचं नाव, वहिनींचं, त्यांच्या मुलांची, सुनेचं. मग ते थांबले.

इतक्या वर्षांच्या संगतीचा एवढा तरी उपयोग झाला की या वेळी मला दिसलं. मी म्हटलं, "काका, तुमचं राहिलं."

"राहिलं नाही. पाठव."

मला वाटलं की आपणच घालून टाकावं, यांना कळणारही नाही. पण मजकूर माझा नव्हता. मी तो होता तसा दादांच्या नंबरवर पाठवला. काकांनी खिचडी खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाले, आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. मला राग आला होता, त्यांचा की कुणाचा ते कळत नव्हतं. अठरा वर्षांपूर्वीची चूक अशी स्वतःला गाळून भरून निघते का? आणि दादा तर वडिलांच्या नियमातले. गिऱ्हाईकाचं अक्षर बदलायचं नाही. फार तर विचारतील, एवढंच? आणि हे म्हणतील, एवढंच. पुन्हा सगळं तेच.

विचारणारा फोन आलाच नाही. दुपारी तीनला माझ्या मोबाइलवर छापलेल्या पत्राचा फोटो आला. मी तो काकांपुढे धरला. त्यांनी फोन उजव्या हातात घेतला आणि सवयीनं वरचा भाग डाव्या तळहातानं झाकला. खाली दादांचं नाव होतं, आणि त्याच ओळीत, त्याच टायपात, काकांचं. फोटोखाली दादांनी लिहिलं होतं, "एक नाव राहिलं होतं. घातलं आहे."

काकांनी तळहात काढला नाही. बराच वेळ तसाच ठेवला, आणि मला कळलं की आता डोळे पुसायला त्यांचा हात मोकळा नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसले.

आठवड्याभरानं मी सेनापतीच्या बायकोची चौकशी केली. म्हटलं, आता तरी ते प्रकरण लिहा. काका म्हणाले, "आता तर मुळीच नाही. आता मला शंकाच उरलेली नाही. शंका नसलेल्या माणसानं इतिहास लिहू नये." त्यांनी सगळी टिपणं एका खोक्यात भरून ग्रंथालयात देऊन टाकली. वर चिठ्ठी लावली की पुढच्या माणसानं दोन्ही बखरी नव्यानं वाचाव्यात. मला हा शुद्ध वेडेपणा वाटला, आणि अजूनही थोडा वाटतो.

सप्टेंबरात डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली. काका महिनाभरासाठी म्हणून कराडला गेले आणि नोव्हेंबरात आले ते घर रिकामं करायला. आबमेल्डुंगच्या फॉर्मवर, म्हणजे आता मी या शहरात राहत नाही असं सरकारला कळवायच्या कागदावरसुद्धा त्यांनी आधी तळहात ठेवला. पुस्तकं वाटली, छत्री माझ्या मुलीला दिली. निघताना तिला म्हणाले की जिंकलं कोण ते तिनं शोधावं. ती गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाली आणि त्यांच्या पोटाला मिठी मारून उभी राहिली.

दहा दिवसांत बेलवरची पाटी कोरी झाली, मग तिथे दुसरं आडनाव आलं. इमारतीत कुणी काही विचारलं नाही. मी मात्र हल्ली पावसात छत्री उघडून तिथे उभी राहते आणि सगळी आडनावं वाचते. मागे कुणीतरी वैतागत असणार.

हे सगळं लिहायचं मनात आलं तेव्हा परवानगीसाठी मी कराडला फोन केला. मागे मशीनचा आवाज होता. काका म्हणाले, त्यांची हरकत नाही, पण दादाला विचारायला हवं. फोन बाजूला ठेवून ते गेले. दोघांचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं, दादा कशाला तरी हसत होते. मग काका परत आले.

"लिही म्हणतोय. पण त्याचं नाव छापू नकोस. लाजतो तो."

"बरं. आणि तुमचं छापू ना?"

"त्याचं नाही, तर माझंही नको."

मी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," काका म्हणाले.